प्युअर कल्चर हातात आहे, आता बॅक्टेरिया ओळखायचा कसा? प्लेटपासून नावापर्यंत

अनोळखी कल्चर (प्लेटवर किंवा ट्यूबमध्ये वाढवलेले जंतू) हातात आलं की बरेच जण थेट बायोकेमिकल टेस्टच्या मागे लागतात. ढीगभर ट्यूब लावायच्या, दुसऱ्या दिवशी रंग बघायचे, टेबलशी जुळवायला बसायचं आणि मग काहीच जुळत नाही म्हणून मीडियाला (जंतू वाढवायच्या खाद्याला) नावं ठेवायची. माझं मत विचाराल तर आयडेंटिफिकेशन शेवटच्या टेस्टला क्वचित चुकतं, ते चुकतं पहिल्या दोन दिवसांत, कारण कल्चर प्युअर (एकाच जंतूचं) नसतं किंवा ग्रॅम स्टेन (रंगवून जंतूंचे दोन गट पाडणारी टेस्ट) घाईत वाचलेला असतो आणि पुढचा सगळा डोलारा त्यावरच उभा राहतो. म्हणून इथे सुरुवातीच्या पायऱ्यांवर जास्त थांबणार आहे आणि नंतरच्या काही टेस्ट भराभर उरकणार आहे.

आधी सेफ्टीचं, कारण हे राहूनच जातं. अनोळखी कल्चर म्हणजे रोगजंतू असू शकतो असंच धरून चालायचं. कोट, ग्लोव्हज, ट्रेनिंग झालेल्या माणसाची देखरेख आणि बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) दर्जाची लॅब, एवढं हवंच. प्लेट नाकाशी नेऊन वास घ्यायची जुनी सवय कोणी शिकवली असेल तर ती सोडून द्या. आणि सावकाश वाढणाऱ्या बारीक कॉलनी, ग्रॅम निगेटिव्ह (ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी; पॉझिटिव्ह ते जांभळे), धड कोकाय (गोल) नाही धड बॅसिलाय (काडीसारखे) नाही असे इवलेसे कोकोबॅसिलाय दिसले तर टेबलावर पुढे काहीच करू नका. ब्रुसेला किंवा फ्रॅन्सिसेला असू शकतो, आणि ब्रुसेलाचा संसर्ग लॅबमध्ये काम करणाऱ्यांना होतो हे चांगलंच माहीत असलेलं आहे. प्लेट बंद करा, सेफ्टी कॅबिनेटमध्ये न्या आणि सीनियरला सांगा.

पहिली पायरी: खरंच प्युअर आहे का?

ट्यूबवर "प्युअर" लिहिलंय म्हणून कल्चर प्युअर होत नाही. आपण स्वतः एकदा स्ट्रिक करायचं, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून जंतू सुटे करायचे. लूप (टोकाला कडं असलेली तार) लाल होईपर्यंत तापवा, थंड होऊ द्या (गरम लूप टेकवला की चर्र आवाज येतो, जंतू तर मरतातच आणि हवेत तुषारही उडतात), प्लेटच्या एका कोपऱ्यात थोडं कल्चर पसरवा, मग लूप पुन्हा तापवून पहिल्या भागातून दोन-तीनच रेघा दुसऱ्या भागात ओढा, तसंच तिसऱ्यात, तसंच चौथ्यात. दर वेळी लूप तापवायचा कंटाळा केला की चौथ्या भागातही चिखलच दिसतो, सुटी कॉलनी मिळत नाही. वेगळी, एकटी बसलेली कॉलनी निवडा आणि नवीन प्लेटवर परत स्ट्रिक करा. सगळ्या कॉलनी एकसारख्या दिसेपर्यंत हे करायचं, साधारण दोन ते तीन वेळा लागतं.

इथे एक गोम आहे. मॅककॉन्कीसारख्या सिलेक्टिव्ह (ठरावीक जंतूंनाच वाढू देणाऱ्या) मीडियमवरून उचललेली कॉलनी वरून अगदी स्वच्छ दिसते, पण तिच्याखाली दुसरा जंतू दबून बसलेला असू शकतो, तो मेलेला नसतो, फक्त वाढत नसतो. ती कॉलनी थेट ब्रॉथमध्ये टाकली की तो दबलेला पाहुणा जोमाने वर येतो. म्हणून टेस्ट लावायच्या आधी न्यूट्रियंट अगार किंवा ब्लड अगारसारख्या नॉन-सिलेक्टिव्ह प्लेटवर एक फेरी झालीच पाहिजे.

अजून एक सवय लावून घ्या. ज्या सस्पेन्शनमधून टेस्टच्या ट्यूब भरल्या, त्याच सस्पेन्शनमधून एक लूप भरून साध्या प्लेटवर स्ट्रिक करायचा आणि ती प्लेट ट्यूबच्या शेजारीच इनक्युबेटरमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी आधी ती प्लेट बघायची, त्यावर दोन तऱ्हेच्या कॉलनी दिसल्या तर ट्यूबचे रंग वाचायच्या भानगडीत न पडता सगळं फेकून परत सुरुवात करायची. एका प्लेटचा खर्च आहे, पण डोकेदुखी वाचते.

कॉलनी बघणं

१८ ते २४ तासांची ग्रोथ घ्या. माणसाच्या शरीरातून आलेल्या जंतूंना ३७ अंश, माती-पाण्यातल्यांना बहुतेक वेळा २८-३० अंश बरं पडतं. आकार, कड, उंचवटा, चमक, रंग, पारदर्शकपणा हे सगळं लिहून काढा. "पांढरी गोल कॉलनी" एवढ्या वर्णनाचा कोणालाच उपयोग नाही, निम्मं जग पांढरं आणि गोल असतं. सुट्या कॉलनीचं वर्णन करा, गर्दीतल्या नाही, कारण गर्दीत कॉलनी लहान राहतात.

काही जंतू इथेच ओळख देतात. प्रोटिअस ब्लड अगारवर लाटांसारखा पसरत जातो, त्याला स्वॉर्मिंग म्हणतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा मीडियम हिरवट करतो. सेराशिया मार्सेसेन्सचे काही स्ट्रेन (एकाच स्पीशीजमधले वाण) खोलीच्या तापमानाला लालभडक होतात आणि ३७ अंशाला फिकट राहतात. क्लेब्सिएला बहुतेकदा चिकट, ओघळणारी असते, लूपने उचललं की तार येते. ब्लड अगारवर कॉलनीभोवतीचा भाग काचेसारखा स्वच्छ झाला तर बीटा हिमोलिसिस (हिमोलिसिस म्हणजे रक्तपेशी फुटणं), हिरवट झाला तर अल्फा, काहीच नाही तर गॅमा. प्लेट उजेडासमोर धरून बघा, टेबलावर ठेवून अल्फा-बीटाचा नीट अंदाज येत नाही. पण हे सगळे इशारे झाले, कॉलनी बघून नाव लिहून मोकळं व्हायचं नाही.

ग्रॅम स्टेन, आणि इथे घाई नको

हान्स क्रिश्चन ग्रॅमने १८८४ मध्ये ही पद्धत छापली आणि आजही आयडेंटिफिकेशनचा पहिला फाटा इथेच फुटतो. काचेवर सलाइनचा अगदी छोटा थेंब, त्यात कॉलनीचा टाचणीच्या टोकाएवढा अंश. एवढाच पुरतो. थर जाड झाला की डिकलरायझेशन (अल्कोहोलने रंग काढणं) नीट होत नाही आणि ग्रॅम निगेटिव्हसुद्धा जांभळे दिसतात. हवेत पूर्ण वाळू द्या, मग ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा. ओल्या स्मिअरला आच दिली तर पेशी फुटतात.

क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाण्याने धुवा, आयोडीन १ मिनिट, परत धुवा. आता ९५ टक्के अल्कोहोल, काच तिरकी धरून थेंब थेंब सोडत राहा आणि खाली ओघळणारं जांभळं पाणी स्वच्छ झालं की लगेच थांबा आणि पाण्याखाली धरा. साधारण १० ते २० सेकंद, पण घड्याळापेक्षा ओघळाकडे लक्ष ठेवा. अॅसिटोन वापरत असाल तर तो फार झटपट काम करतो, दोन-तीन सेकंद खूप झाले. मग सॅफ्रॅनिन १ मिनिट, धुवा, टिपकागदाने टिपा (घासू नका), आणि ऑइल इमर्शनखाली १०० एक्सच्या लेन्सने बघा.

त्याच काचेवर एका बाजूला स्टॅफिलोकोकस ऑरिअस आणि दुसऱ्या बाजूला ई. कोलायचा स्मिअर करा, मध्ये तुमचा अनोळखी. स्टॅफ जांभळा आणि कोलाय गुलाबी आला तरच मधल्याचं म्हणणं खरं मानायचं. हा कंट्रोल फुकटात होतो आणि तरीही लोक करत नाहीत, याचं मला कायम नवल वाटतं.

कल्चर ताजं हवं. बॅसिलस, क्लॉस्ट्रिडियमसारखे ग्रॅम पॉझिटिव्ह जुन्या कल्चरमध्ये रंग सोडतात आणि गुलाबी दिसतात. उलट अॅसिनेटोबॅक्टर ग्रॅम निगेटिव्ह असून कधीकधी जांभळा रंग धरून ठेवतो आणि जोडीजोडीने बसलेल्या कोकायसारखा दिसतो. शंका आली तर केओएच टेस्ट करून बघा: काचेवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, त्यात कॉलनी घोळवा आणि लूप वर उचला. मिनिटभरात चिकट तार आली तर ग्रॅम निगेटिव्ह, कारण त्यांची भिंत फुटून डीएनए बाहेर येतो. तार नाही आली तर बहुधा ग्रॅम पॉझिटिव्ह. मिनिटभराचं काम आहे.

कॅटॅलेज आणि ऑक्सिडेज

दोन्ही टेस्ट जंतूतलं एकेक एन्झाइम शोधतात, सोप्या आहेत आणि म्हणूनच निष्काळजीपणे केल्या जातात. कॅटॅलेजसाठी कोरड्या काचेवर आधी कॉलनी ठेवा आणि वरून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडा, लगेच बुडबुडे आले तर पॉझिटिव्ह. नायक्रोमचा लूप पेरॉक्साइडमध्ये घातला तर तो स्वतःच बुडबुडे काढतो, म्हणून लाकडी काडी किंवा प्लास्टिकचा लूप वापरा. ब्लड अगारवरून उचलत असाल तर कॉलनीचा वरचाच भाग घ्या, खालचं अगार आलं तर रक्तातल्या पेशींमधल्या कॅटॅलेजमुळे खोटं पॉझिटिव्ह येतं.

ऑक्सिडेजला फिल्टर पेपरवर रिएजंट, त्यावर काडीने कॉलनी घासायची, १० सेकंदांच्या आत गडद जांभळं झालं तर पॉझिटिव्ह. मिनिटभराने आलेला जांभळा रंग धरायचा नाही. रिएजंट बाटलीतच निळा पडला असेल तर तो वाया गेला. इथेही लोखंड किंवा नायक्रोम चालत नाही. आणि मॅककॉन्कीवरची कॉलनी घेऊ नका, साखर फर्मेंट होऊन अॅसिड तयार झालं की ऑक्सिडेज खोटं निगेटिव्ह येऊ शकतं.

आता रस्ते वेगळे होतात

ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय असतील तर कॅटॅलेज पॉझिटिव्ह म्हणजे स्टॅफिलोकोकसच्या बाजूला, निगेटिव्ह म्हणजे स्ट्रेप्टोकोकस किंवा एन्टरोकोकस. स्टॅफसाठी कोअॅग्युलेज (प्लाझ्मा गोठवणारं एन्झाइम) लावा. स्लाइड टेस्ट झटपट होते पण शेजारी सलाइनचा कंट्रोल हवा, कारण काही स्ट्रेन नुसत्या सलाइनमध्येही गुठळ्या करतात. ट्यूब टेस्ट जास्त भरवशाची: सशाचा प्लाझ्मा, ३७ अंश, ४ तास, आणि दर तासाला ट्यूब हलकेच तिरकी करून बघायची. थेट दुसऱ्या दिवशी बघितलं तर फसाल, कारण काही स्टॅफ ऑरिअस गुठळी बनवतात आणि नंतर स्वतःच विरघळवतात. कोअॅग्युलेज निगेटिव्ह आणि लघवीतला जंतू असेल तर ५ मायक्रोग्रॅमची नोव्होबायोसिन डिस्क लावा, रेझिस्टंट असेल तर सॅप्रोफिटिकसचा विचार करा.

कॅटॅलेज निगेटिव्ह असेल तर हिमोलिसिस बघून पुढे जायचं. अल्फा असेल तर ऑप्टोचिन (न्यूमोकोकसची वाढ रोखणारं रसायन) डिस्क, ६ मिमीच्या डिस्कभोवती १४ मिमी किंवा जास्त झोन (वाढ नसलेलं वर्तुळ) आणि बाइल सोल्युबिलिटी (पित्तक्षारात पेशी विरघळणं) पॉझिटिव्ह म्हणजे न्यूमोकोकस. बीटा असेल तर पीवायआर (ग्रुप ए स्ट्रेप ओळखणारी) आणि कॅम्प (ग्रुप बी ओळखणारी) टेस्ट. बाइल एस्क्युलिन काळं करणारा आणि ६.५ टक्के मिठात वाढणारा म्हणजे एन्टरोकोकस समजून पुढे जा.

ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलाय असतील तर पहिला प्रश्न स्पोरचा (जंतूच्या टणक, सुप्त रूपाचा). प्लेट दोन-तीन दिवस राहू द्या आणि मॅलाकाइट ग्रीनने स्पोर स्टेन करा: वाफेवर ५ मिनिटं, धुवून सॅफ्रॅनिन. हिरवे स्पोर, गुलाबी पेशी. स्पोर नसेल, कॅटॅलेज पॉझिटिव्ह असेल आणि २५ अंशाला कोलांट्या मारत हलत असेल पण ३७ ला जवळपास हलत नसेल तर लिस्टेरिया डोक्यात ठेवा.

ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, आणि टीएसआय वाचणं

लॅबमध्ये सगळ्यात जास्त भेटणारी मंडळी हीच. ऑक्सिडेज निगेटिव्ह आणि ग्लुकोज फर्मेंट करणारी असतील तर एन्टरोबॅक्टरेल्स, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह असतील तर स्यूडोमोनास, व्हिब्रिओ, एरोमोनास वगैरे. फर्मेंटर आहे की नाही हे टीएसआयमध्येच (ट्रिपल शुगर आयर्न, तीन साखरा आणि लोह असलेली ट्यूब) कळतं, म्हणून ही ट्यूब मी सगळ्यात आधी लावते.

टीएसआयमध्ये ग्लुकोज ०.१ टक्का, लॅक्टोज आणि सुक्रोज प्रत्येकी १ टक्का, फिनॉल रेड (अॅसिडमध्ये पिवळा होणारा रंग) आणि लोह असतं. सरळ वायरने बटमध्ये (तळाच्या भागात) खोलवर टोचा, बाहेर काढता काढता स्लांटवर (वरच्या तिरक्या पृष्ठभागावर) नागमोडी रेघ ओढा, झाकण सैल ठेवा. फक्त ग्लुकोज वापरणारा जंतू सुरुवातीला सगळी ट्यूब पिवळी करतो, पण ग्लुकोज थोडंच असल्याने ते संपतं आणि हवेशी संपर्क असलेल्या स्लांटवर तो पेप्टोन खायला लागतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि स्लांट परत लाल होतो, बट मात्र पिवळंच राहतं. लॅक्टोज किंवा सुक्रोज वापरणाऱ्याकडे दहापट साखर असते म्हणून सगळीच ट्यूब पिवळी राहते. हे समजलं की वेळेचं महत्त्व आपोआप पटतं: १०-१२ तासांनी बघाल तर लाल स्लांटवालेही पिवळे दिसतील, आणि दोन दिवसांनी बघाल तर पिवळे स्लांटही लाल व्हायला लागलेले असतील. १८ ते २४ तास, बस.

पिवळं-पिवळं आणि गॅसमुळे अगारला तडे म्हणजे ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि त्यांचे भाऊबंद. लाल स्लांट, पिवळं बट आणि काळा थर (हायड्रोजन सल्फाइडची खूण) म्हणजे साल्मोनेला, प्रोटिअस किंवा सिट्रोबॅक्टर. लाल स्लांट, पिवळं बट, ना गॅस ना काळं म्हणजे शिगेला असू शकतो. काळ्या रंगाने बट पूर्ण झाकलं असेल तरी ते अॅसिडच धरायचं. आणि वरून खालपर्यंत बदलच नसेल तर फर्मेंटर नाही, स्यूडोमोनासच्या बाजूला जा.

मग आयएमव्हीआयसी, म्हणजे इंडोल, मिथाइल रेड (एमआर), व्होगेस-प्रोस्काउअर (व्हीपी) आणि सिट्रेट या चार टेस्ट. इंडोलला ट्रिप्टोन ब्रॉथ आणि कोव्हॅक्स रिएजंट, वर लाल कडं आलं तर पॉझिटिव्ह. एमआर आणि व्हीपी एकाच ब्रॉथमधून होतात. मिथाइल रेडला पूर्ण ४८ तास द्या, २४ तासांत घाई केलीत तर व्हीपी पॉझिटिव्ह जंतूही अॅसिड दाखवून फसवतात. व्हीपीत १ मिली कल्चरला आधी अल्फा-नॅफ्थॉल ०.६ मिली, मग ४० टक्के केओएच ०.२ मिली, याच क्रमाने, आणि जोरात हलवायचं कारण हवा लागते; १५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत लाल रंगाची वाट बघायची. सिमन्स सिट्रेटला अगदी हलकं इनॉक्युलम (पेरायचे जंतू), सरळ वायरचं टोक फक्त. ब्रॉथमधून लूपभर घातलं तर सोबत आलेल्या पोषणावरच वाढ होते आणि स्लांट निळा होऊन बसतो.

ई. कोलाय इंडोल आणि एमआर पॉझिटिव्ह, व्हीपी आणि सिट्रेट निगेटिव्ह. क्लेब्सिएला न्यूमोनिई बरोबर उलटा. पण एन्टरोबॅक्टरही उलटाच, त्यामुळे आयएमव्हीआयसीवर थांबता येत नाही. मोटिलिटी आणि ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज लावा, क्लेब्सिएला न्यूमोनिई दोन्हीत निगेटिव्ह, एन्टरोबॅक्टर क्लोअॅकी दोन्हीत पॉझिटिव्ह. डीकार्बॉक्सिलेजच्या ट्यूबवर तेलाचा थर हवा आणि सोबत अमिनो अॅसिड नसलेली कंट्रोल ट्यूब. कंट्रोल पिवळी झाली नसेल तर जांभळ्या ट्यूबला काही अर्थ नाही. यूरिएजमध्ये प्रोटिअस काही तासांतच गुलाबी करतो, क्लेब्सिएला रात्रभर घेतो, त्यामुळे किती वेळात झालं हेही लिहा.

किट वापरत असाल तर

एपीआय २०ई स्ट्रिप लोकांना जादू वाटते, आत मात्र वरच्याच टेस्ट बारीक रूपात असतात. एडीएच, एलडीसी, ओडीसी (तिन्ही अमिनो अॅसिडच्या टेस्ट), एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) आणि यूरिएजच्या खान्यांवर पॅराफिन तेल घालायचं, सिट्रेट, व्हीपी आणि जिलेटिनचे खाने काठोकाठ भरायचे. २० खाने आणि ऑक्सिडेज मिळून २१ रिझल्ट, तीन-तीनचे सात गट, आणि गटातल्या पॉझिटिव्हला क्रमाने १, २, ४ गुण. नेहमीचा ई. कोलाय घ्या. ओएनपीजी (लॅक्टोज तोडणाऱ्या एन्झाइमची टेस्ट) पॉझिटिव्ह १, एडीएच निगेटिव्ह ०, एलडीसी पॉझिटिव्ह ४, म्हणजे पहिला आकडा ५. पुढे ओडीसी १, एचटूएस आणि सिट्रेट ०, म्हणून १. तिसऱ्या गटात फक्त इंडोल, तो ४. चौथ्यात फक्त ग्लुकोज, तोही ४. मॅनिटॉल १ आणि सॉर्बिटॉल ४, म्हणजे ५. र्‍हॅम्नोज १, सुक्रोज २, मेलिबायोज ४, म्हणजे ७. शेवटी अरॅबिनोज २. झाला ५१४४५७२. सुक्रोज न वापरणारा स्ट्रेन असेल तर तोच ५१४४५५२ होतो. हा हिशोब एकदा हाताने करून बघा, म्हणजे एक खाना चुकीचा वाचला तर नंबर किती हलतो ते कळेल.

मॅल्डी-टॉफ आणि १६एस

मॅल्डी-टॉफ (प्रोटीनच्या वजनांवरून जंतू ओळखणारं मशीन) असेल तर वरचं बरंच काम काही मिनिटांत होतं. कॉलनीचा पातळ थर टार्गेट प्लेटवर, वर १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स, वाळवा, मशीनमध्ये. भिंत जाड असलेल्या ग्रॅम पॉझिटिव्हला आधी ७० टक्के फॉर्मिक अॅसिडचा थेंब. मशीन मुख्यतः रायबोसोमच्या प्रोटीनचा ठसा बघतं, २,००० ते २०,००० डाल्टनच्या टप्प्यातला. पण ई. कोलाय आणि शिगेला इतके जवळचे आहेत की मशीन गोंधळतं, आणि न्यूमोकोकस आणि मायटिस गटाचंही तेच. तिथे जुनी बाइल सोल्युबिलिटीच उपयोगी पडते.

दुसरा मार्ग म्हणजे जीन वाचून ओळखणं: १६एस आरआरएनए (रायबोसोमच्या एका भागाचा) जीन साधारण १५०० बेसचा, २७एफ आणि १४९२आर ही प्रायमरची जोडी नेहमीची. डेटाबेसमधल्या पहिल्या नावावर झडप घालू नका, टाइप स्ट्रेनशी (स्पीशीजच्या अधिकृत नमुन्याशी) तुलना करा. ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल तर ती स्पीशीज नाही असं साधारण धरतात, पण वर असेल म्हणजे तीच आहे असं नाही. बॅसिलस सेरिअस गटात तर १६एसने फरकच कळत नाही. ४००-५०० बेसच वाचले गेले असतील तर जीनसपर्यंतच बोला. आणि क्रोमॅटोग्रामवर (सिक्वेन्सच्या आलेखावर) जागोजागी डबल पीक दिसले तर कल्चर मिक्स आहे का ते आधी तपासा.

रिझल्ट जुळत नसेल तर

एखादी टेस्ट टेबलशी जुळली नाही तर घाबरू नका, टेबलमधले प्लस म्हणजे बहुतेक स्ट्रेन, सगळे नव्हेत. दोन-तीन जुळत नसतील तर आधी प्युरिटी प्लेट, मग ग्रॅम, मग कंट्रोल बघा. कंट्रोलसाठी एटीसीसी (अमेरिकन कल्चर संग्रहाचे नंबर) २५९२२ ई. कोलाय, २५९२३ स्टॅफ ऑरिअस, २७८५३ स्यूडोमोनास हे स्ट्रेन बहुतेक लॅबमध्ये असतातच, मीडियाची नवीन बॅच आली की तेच आधी लावा. रिपोर्टमध्ये जेवढं सिद्ध झालं तेवढंच लिहा, स्पीशीज आली नाही तर जीनस लिहून थांबा, आणि कोणत्या टेस्टवर नाव दिलं तेही लिहा.

कल्चर टाकून द्यायच्या आधी १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला स्टॉक ठेवा, व्हायलवर तारीख आणि नंबर न पुसणाऱ्या पेनने. बाकीच्या प्लेट, ट्यूब आणि ऑक्सिडेजचे कागदसुद्धा १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करूनच कचऱ्यात टाकायचे. नुसत्या पाण्यासाठी १५ मिनिटं ठीक आहेत, गच्च भरलेल्या पिशवीला जास्त वेळ लागतो, मधली प्लेट तापायलाच उशीर होतो.